घरातलं पोरगं नशा करतंय हे कळल्यावर काय करायचं

खिशात पुडी सापडली, नाहीतर कॉलेजमधून फोन आला, नाहीतर शेजारच्यांनी हळूच कानावर घातलं, आणि आता रात्रीचे अकरा वाजलेत, पोरगा अजून घरी आलेला नाही आणि तुम्ही मोबाईलवर हे शोधताय, तर पहिलं सांगते, आज रात्री काही करू नका. तो नशेत आला तर जेवतोस का विचारा, झोपू द्या, बस्स. नशेतल्या माणसाशी केलेलं बोलणं त्याच्या डोक्यात राहत नाही, भांडण तेवढं राहतं, आणि मारामारी झाली तर सकाळी तो घर सोडून जातो आणि मग चार दिवस शोधत बसावं लागतं. मी गेली बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या पालक ग्रुपमध्ये बसते, तिथे येणारी जवळजवळ प्रत्येक आई त्या पहिल्या रात्रीबद्दल बोलते, म्हणून इथूनच सुरुवात केली.

थांबायचं नाही अशी वेळ एकच. पोरगा हलवून उठत नाहीये, श्वास अगदी हळू चाललाय, घशातून घरघर येतेय, ओठ नखं निळी पडलीत, तर हे झोपणं नाही, ब्राऊन शुगर (गर्द, म्हणजे हेरॉइनचाच प्रकार) किंवा झोपेच्या गोळ्यांचा ओव्हरडोस असू शकतो. लगेच १०८ ला फोन, कुशीवर वळवून झोपवा, तोंडात लिंबूपाणी, ताक, मीठपाणी काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. एमडी ही पावडर घेतलेल्याला छातीत दुखायला लागलं, अंग तापलं, फिट आली, किंवा तो जीव द्यायचं बोलायला लागला तरी तेच, सरळ हॉस्पिटल. आणि तिथे काय घेतलंय ते खरं सांगा. 'काहीतरी चुकीचं खाल्लं' असं सांगून इज्जत वाचवायला जाल आणि डॉक्टर भलतंच औषध देत बसतील, ब्राऊन शुगरसारख्या अफूच्या नशेवर नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते वेळेत दिलं तर श्वास परत येतो, पण नशा कसली हे त्यांना कळायला तर पाहिजे.

आता दुसरा दिवस. नक्की काय घेतोय हे कळणं महत्त्वाचं आहे कारण प्रत्येक नशेचा त्रास वेगळा आणि सोडवण्याची पद्धतही वेगळी. गांजा असेल तर डोळे लाल, कपड्यांना वास, रात्री बेरात्री भूक, खोलीत गोगो पेपर म्हणजे सिगरेट वळायचा कागद, सिगरेटमधली काढून टाकलेली तंबाखू. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पांढरी पावडर, ती घेणारा रात्र रात्र जागतो, खूप बडबडतो, जबडा सारखा हलत असतो, घाम, बुबुळं मोठी, वजन महिन्याभरात उतरलेलं, आणि मग एक दोन दिवस नुसता झोपून, चिडून, रडून. ब्राऊन शुगरवाल्याची बुबुळं टाचणीएवढी होतात, बसल्या बसल्या पेंगतो, नाक खाजवत राहतो, घरात चांदीची पन्नी जळालेली सापडते. त्याशिवाय खोकल्याची कोडीनवाली औषधं, बटण म्हणतात त्या गोळ्या, मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात ती झोपेची गोळी, आणि लहान मुलांमध्ये व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणं. या शेवटच्याकडे लोक फार हलकं बघतात, पण हुंगता हुंगता हृदय बंद पडून पहिल्याच वेळी मूल जाऊ शकतं.

मात्र यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे नशाच असं धरून चालू नका, डिप्रेशनमध्येही पोरं झोपत नाहीत आणि खात नाहीत. मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून गुपचूप टेस्ट करायचा मोह होतो, माझं मत विचाराल तर नको. साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तुम्ही निर्धास्त होता, उलट रोज गांजा ओढणाऱ्याचा तो सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि तुम्ही त्याला खोटारडा ठरवता. टेस्ट करायचीच तर डॉक्टरकडे, त्याला सांगून.

बोलायचं कसं. एकाच माणसाने बोलायचं, ज्याच्याशी त्याचं त्यातल्या त्यात जमतं त्याने, मग ती आजी असो नाहीतर मोठी बहीण. काका, मामा, आत्याचे मिस्टर असा सगळा गोतावळा बोलावून पोराला मधे बसवलं की तो एक तर सगळं नाकारतो नाहीतर पायावर हात ठेवून खोटी शपथ घेतो, आणि दोन्हीचा उपयोग शून्य. वेळ दुपारची बघा, तो झोपून उठलेला, थोडं खाल्लेलं. सरळ बोला, 'मला पुडी सापडली, मी ओरडणार नाहीये, काय घेतोस आणि कधीपासून एवढंच सांग.' तो म्हणणार मित्राची आहे. म्हणू दे. तिथे वकिलासारखी उलटतपासणी करू नका, 'बरं, पण परवा आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ, मी पण बाहेर बसेन' इथपर्यंत गाडी आली तरी त्या दिवसाचं काम झालं. वडिलांना एक विनंती, हात उचलू नका. मार खाऊन नशा सुटलेला एकही पोरगा माझ्या बघण्यात नाही, मार खाऊन घर सोडलेले पुष्कळ आहेत.

पोरगी असेल तर घरं अजून गप्प बसतात, तिचं लग्न कसं होणार या भीतीने, आणि तिचे उपचार वर्ष वर्ष उशिरा सुरू होतात. तिच्यासाठीही सोय आहे, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे, मानसोपचार ओपीडी तर सगळ्यांसाठी उघडीच असते.

आता लोक काय काय उपाय सुचवतील ते आधीच सांगून ठेवते. लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल, हा सगळ्यात वाईट. यात दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य जातं, आणि मग ती आमच्या ग्रुपमध्ये कडेवर बाळ घेऊन येते. गावी पाठवा, तिकडे काही मिळत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत जाऊन जो एमडीचा साठा पकडला त्याची किंमत हजारो कोटींत होती, त्याच्या आधी २०२३ ला नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला, आणि २०२५ ला तुळजापूरसारख्या देवीच्या गावात एमडीचं प्रकरण उघड झालं. ऐंशीच्या दशकात गर्द आली ती बाहेरून, मोठ्या शहरांत, त्याच काळात १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलंच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. आताचा माल आपल्याच एमआयडीसीत बनतो आणि तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोचतो, त्यामुळे गावी पाठवून फक्त डॉक्टर लांब जातो.

भिंतीवर जाहिरात असते, पेशंटला न सांगता दारू सोडवा, ती पावडर जेवणात कालवू नका. त्यात काय असतं कुणाला माहीत नसतं, आणि दारू सोडायला देतात ती डायसल्फिराम गोळी असेल आणि वरून तो प्यायला तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो, ती गोळी माणसाला सगळं समजावूनच द्यायची असते. माळ घालणं, वारीला जाणं, याला माझा अजिबात विरोध नाही, माळेच्या धाकाने वर्षानुवर्षं न प्यायलेली माणसं मी पाहिलीत, फक्त डॉक्टरच्या सोबत करा, डॉक्टरऐवजी नको.

आणि खोलीत कोंडून ठेवणं. हे फार घरं करतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास तो बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, हात थरथरतात, ताप चढतो, यात माणूस दगावतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या हळूहळू डॉक्टरने कमी करायच्या असतात. ब्राऊन शुगरची टर्की, म्हणजे सोडल्यावरचा त्रास, सहसा जीव घेत नाही पण हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या, जुलाब, झोप नाही, आठवडाभर चालतं, आणि औषधं असताना पोराने ते कोरडं का सोसायचं? एमडीचं शरीराला कमी आणि मनाला जास्त, काही दिवस घोर निराशा येते, तेव्हा त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि फवारणीची बाटली कुलपात ठेवा.

पैशाचं बोलू, कारण घर तिथेच मोडतं. हातात रोख देणं आजपासून बंद, फी असेल तर थेट कॉलेजला, बस असेल तर पास. दागिने, एटीएम, घरच्या फोनचा यूपीआय पिन, सगळं आवरून ठेवा, आणि हे त्याला तोंडावर सांगून करा, लपवून नको. त्याची उधारी फेडायची नाही. आई म्हणते एकदाच शेवटचं फेडते, नाहीतर ते लोक त्याला मारतील, आणि पुढच्या महिन्यात उधारी परत उभी, कारण आता विकणाऱ्याला कळलंय की आई फेडते. धमकी येत असेल तर ती पोलिसांकडे घेऊन जा. माल विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर सरकारची १९३३ ही मानस हेल्पलाइन आहे, नाव गुप्त ठेवतात.

पोलिसांचं नाव काढलं की पालक घाबरतात, म्हणून कायदा थोडक्यात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, मेफेड्रोन त्यात २०१५ ला आलं. नशा करणं हाही गुन्हा आहे, पण त्याच कायद्यात ६४ए कलम आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यासाठी त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊही शकतं. थोडा माल म्हणजे एमडी २ ग्रॅमपर्यंत. आणि इथेच खरा धोका आहे, स्वतःचा खर्च निघावा म्हणून पोरं चार मित्रांना माल पुरवायला लागतात, मग ती कायद्याच्या नजरेत विकणारी होतात आणि ही सवलत हातातून जाते. व्यावसायिक प्रमाण, एमडीचं ५० ग्रॅम, तिथे गेलं की किमान १० वर्षांची शिक्षा आणि जामीन महाकठीण. तुमचा पोरगा या पायरीवर यायच्या आत उपचाराला लावा, घाई करायची ती या कारणासाठी.

उपचार कुठे. आधी मानसोपचार तज्ज्ञ, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ओपीडी असते, केसपेपर काढायचा आणि बसायचं. जवळ काय आहे ते १४४४६ या टोल फ्री नंबरवर विचारता येतं, नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात. प्रत्येकाला ॲडमिट करावं लागतंच असं नाही, ब्राऊन शुगरवाल्यांना तर टर्की आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीवर ठेवून कामावर जाता येतं. २०१९ मध्ये एम्सच्या देशभरातल्या पाहणीत दिसलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांतला जेमतेम १ कुठला तरी उपचार घेतो, बाकीच्यांना घरं झाकून ठेवतात, म्हणून सांगतेय की ओपीडीच्या लाईनीत कुणी ओळखीचं भेटलं तर भेटू दे.

केंद्रात ठेवायचं ठरलं तर आधी स्वतः जाऊन बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचार डॉक्टर कधी येतात, रात्री कोण असतं, घरच्यांना भेटू देतात का, पेशंट मोकळेपणाने बोलतात की मालकाकडे बघून बोलतात. रात्री गाडी पाठवून पोराला उचलून नेऊ म्हणणारे, मारून सरळ करतो म्हणणारे, साखळीने बांधणारे, तिथून परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला सरळ बंदी आहे.

तो आत असताना तुम्ही पण पालक ग्रुपला जा. त्याच्या धाकट्या बहिणीची दहावी आहे हे घर विसरून गेलेलं असतं, तिच्याजवळ रोज थोडा वेळ बसा.

घरी आल्यावर जुनं सिमकार्ड बदला, सुरुवातीचे काही महिने पगार घरच्यांकडे, फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात. 'आता सोडलीस ना नक्की' हा प्रश्न रोज विचारू नका. आणि एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा, सोडल्यानंतर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, ब्राऊन शुगरचा जुना डोस परत घेतला तर तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो, बरेच मृत्यू बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात.

स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत घेणं, होऊ शकते, कित्येकांची होते. शुगरच्या पेशंटची साखर परत वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध बघतो. तसंच इथे, त्याच दिवशी त्याच काउन्सेलरला फोन लावा, नवीन केंद्र, नवीन बाबा शोधत फिरू नका, काय घेतलं, कुणाबरोबर, कुठे, एवढं लिहून ठेवा, फॉलोअपची पुढची तारीख अलीकडे ओढून घ्या आणि या वेळीही तुम्ही सोबत जा.