वायूचे आकारमान काढताना आधी मोल, मग लिटर

रासायनिक समीकरणातले सहगुणक, म्हणजे सूत्रांपुढचे आकडे, ग्रॅम सांगत नाहीत. ते मोलांचे, म्हणजे कणांची ठरावीक संख्या मोजणाऱ्या एककाचे, प्रमाण सांगतात. म्हणून अभिक्रियेतून किती वायू मिळेल हे काढायचे असेल, तर समीकरण संतुलित करून दिलेल्या वस्तुमानाचे आधी मोल करावेत, त्यावरून वायूचे मोल काढावेत आणि आकारमानाकडे अगदी शेवटी वळावे.

समजा, ५.४ ग्रॅम ॲल्युमिनिअम भरपूर हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. समीकरणानुसार धातूच्या २ मोलांना आम्लाचे ६ मोल लागतात आणि हायड्रोजनचे ३ मोल सुटतात. ॲल्युमिनिअमचा एक मोल २७ ग्रॅमचा, म्हणजे आपल्याकडे ०.२ मोल आहेत. त्यांना ३/२ ने गुणले की हायड्रोजनचे ०.३ मोल येतात. मात्र आम्ल ०.३ मोलच असते, तर तेच आधी संपले असते आणि हायड्रोजन निम्माच, ०.१५ मोल मिळाला असता.

इथे बहुतेकांचा हात सवयीने २२.४ कडे, म्हणजे एक मोल वायूच्या लिटरमधल्या आकारमानाकडे, जातो. हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबापुरताच खरा आहे. त्या स्थितीत उत्तर ६.७२ लिटर येते. प्रमाण दाब १ बार धरला असेल, तर २२.७ घ्यावे लागतात. खोलीचे तापमान २७ अंश असेल, तर सरळ आदर्श वायू समीकरण (आकारमान = मोल × वायू स्थिरांक × केल्विनमधले तापमान ÷ दाब) वापरावे; २७ अंश म्हणजे ३०० केल्विन: ०.३ × ०.०८२१ × ३०० ÷ १, म्हणजे सुमारे ७.३९ लिटर. केल्विनऐवजी चुकून २७ च घातले, तर ०.६७ लिटर येते आणि आकडा नीटनेटका दिसत असल्याने चूक सहज नजरेतून सुटते.

वायू पाण्यावर गोळा केला असेल, तर त्यात पाण्याची वाफही मिसळलेली असते. २७ अंशांना तिचा दाब पाऱ्याच्या सुमारे २७ मिलिमीटर असतो. तो ७६० मिलिमीटरमधून (म्हणजे १ ॲटमॉस्फिअरमधून) वजा करून हायड्रोजनचा दाब ७३३ धरावा, म्हणजे आकारमान ७.६६ लिटर होते.

दोन्ही पदार्थ वायू असतील आणि तापमान व दाब समान असतील, तर मोलांचा वळसा घेण्याची गरजच नाही. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये मांडलेल्या आणि ॲव्होगॅड्रोच्या १८११ च्या गृहीतकाने उलगडलेल्या नियमानुसार सहगुणक थेट आकारमानांना लावता येतात: १० लिटर प्रोपेन पूर्ण जळायला ५० लिटर ऑक्सिजन लागतो आणि ३० लिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्याच समीकरणातल्या पाण्याचे मात्र ४० लिटर लिहिण्यापूर्वी ते त्या तापमानाला वाफ आहे की द्रव, हे पाहावे.