यूएसबी उपकरणांना आपोआप नाव देताय? या चुका टाळा

लिनक्सवर दोन सिरियल बोर्ड (यूएसबीवरून संगणकाशी बोलणारे छोटे सर्किट बोर्ड) जोडले की त्यांना टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ अशी नावं मिळतात. त्यातला आकडा बोर्डाचा नसतो, तो आधी सापडला की नंतर, एवढंच सांगतो. माझ्याकडे एका बोर्डावर तापमानाचा सेन्सर होता, दुसऱ्यावर मोटर. मशीन रीबूट झालं, क्रम उलटला आणि सेन्सरसाठीच्या आज्ञा मोटरकडे गेल्या. तेव्हापासून मी स्क्रिप्टमध्ये हे आकडे लिहीत नाही. यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या यंत्रणेचा, नियम लिहून कायमचं नाव देतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती ओळख ठरवताना. व्हेंडर आयडी (कंपनीचा क्रमांक) आणि प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा क्रमांक) टाकून आपण मोकळे होतो. एकाच मॉडेलचे दोन बोर्ड असले तर दोन्हींचे आयडी सारखेच, म्हणून एकाच नावावर दोघांचा हक्क! सिरियल नंबर घ्या. सीएच३४० चिपच्या स्वस्त बोर्डांवर बहुधा तोही नसतो. मग यूएसबी पोर्टच्या मार्गावरून नाव द्या आणि त्या पोर्टवर चिठ्ठी चिकटवा, कारण केबल हलली की नाव गेलंच. त्याआधी डेव्ह फोल्डरमधल्या सिरियलखालचं 'बाय-आयडी' उघडून बघा. हवं ते नाव तिथे तयारच असेल, तर नियम लिहायची गरजच नाही.

नियम लिहिला, पण लागत नाही? 'यूडेव्हएडीएम इन्फो' या कमांडला गुणधर्म विचारले की आधी उपकरणाचा गट येतो, मग त्याच्या एकेका पालकाचा, म्हणजे ते ज्याला जोडलंय त्या वरच्या उपकरणाचा. नियमात उपकरणासोबत फक्त एकाच पालकाचे गुणधर्म चालतात. दोन पालकांचे मिसळले तर नियम मुकाट्याने निकामी होतो, एररही येत नाही. माझे सर्वात जास्त तास इथेच गेले.

नियमात तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हं लागतात. एक टाकलं की ती नेमणूक होते. आयडीतली अक्षरं दिसतात तशीच, लहान लिपीत लिहा. 'नेम' फक्त नेटवर्क कार्डासाठी, बाकी सगळ्यांना 'सिमलिंक' (मूळ नावाकडे नेणारं जादा नाव). फाइलच्या नावाशेवटी 'डॉट रूल्स' हवंच. बदलानंतर नियम रीलोड करा आणि उपकरण काढून पुन्हा जोडा.

आणि नियमातल्या 'रन'मधून (उपकरण जोडल्यावर आज्ञा चालवणारा भाग) सतत चालणारा प्रोग्राम सुरू करू नका. यूडेव्ह तो मध्येच मारून टाकतं. असं काम सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये पार्श्वभूमीतली कामं चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसकडे द्या.