शेवटचं रीडिंग न घेता सरळ रेषा

मे महिन्यात जळगावात मिथाइल ॲसिटेटच्या जलविघटनाचा (पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होण्याचा) प्रयोग लावला, की लॉगचा आलेख हटकून बिघडायचा. रीडिंग म्हणजे त्या वेळेपर्यंत किती आम्ल झालं ते; अंतिम रीडिंगमधून ते वजा करून त्या फरकाचा लॉग वेळेसमोर मांडायचा. सुरुवातीचे बिंदू अगदी रेषेत, शेपूट मात्र खाली वाकलेलं. दोष अनंत काळाच्या, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावरच्या, अंतिम रीडिंगचा! हे एस्टर साधारण ५७ अंशांना उकळतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या फ्लास्कातून उडून जातं, अंतिम रीडिंग कमी भरतं.

मग रसायनशास्त्रज्ञ गुगेनहाइमची १९२६ ची पद्धत धरली; तिला अंतिम रीडिंग लागतच नाही. रीडिंगचा एक संच घ्यायचा, मग त्यातल्या प्रत्येक रीडिंगनंतर त्याच ठरावीक अंतराने दुसरा. अंतर दोन-तीन अर्धायुष्यांइतकं (अर्धायुष्य म्हणजे निम्मं एस्टर संपायला लागणारा वेळ) तरी हवं, इथे घाई नको. जोडीतल्या फरकाचा लॉग वेळेसमोर मांडला; उतार, ऋण चिन्ह सोडून, गुणिले २.३०३ म्हणजे वेग स्थिरांक, अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणारा आकडा. फ्लास्कला घट्ट बूच लावून तो पाण्याच्या टबात ठेवला, आणि पारा चढू लागला की माठातलं तांब्याभर पाणी ओतत राहिलो.