यंत्रणा ठप्प झाल्याच्या बातमीवर शेअर विकण्याआधी काय तपासावे?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीचा शेअर त्या दिवशी सुमारे ११ टक्के घसरला. अशा दिवशी निर्णय कसा घ्यावा, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे.

सर्वप्रथम दोष नेमका कोणाचा, हे शोधावे. त्या दिवशी अनेक मथळ्यांत मायक्रोसॉफ्टचे नाव होते, पण चूक क्राउडस्ट्राइकची होती आणि तो सायबरहल्लाही नव्हता.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: नुकसान कोण भरणार? डेल्टा एअरलाइन्सने सुमारे ५० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे सांगून दावा लावला, तर करारानुसार आपली जबाबदारी मर्यादित असल्याचे क्राउडस्ट्राइकने म्हटले. म्हणून ग्राहकाला झालेले नुकसान थेट कंपनीच्या तोट्यात मांडू नये. त्याऐवजी पुढील तिमाही निकालांत किती ग्राहक टिकले, ते पाहावे. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत ते प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास राहिले आणि ऑगस्टपर्यंत आणखी कोसळलेला शेअर नोव्हेंबरमध्ये घटनेपूर्वीच्या पातळीच्या वर गेला. प्रत्येक कंपनीच्या बाबतीत असेच घडेल, असे अर्थातच नाही.

आपली स्वतःची वाट मोकळी आहे का, हेही तपासावे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी खरेदी-विक्रीचे, सौदे करणाऱ्यांची कोंडी झाली. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराचे चार तासांनी फारसे बिघडत नाही, उधारीवर सौदे करणाऱ्याचे मात्र बिघडते. ब्रोकरचा कॉल-अँड-ट्रेड (फोनवरून सौदे करण्याचा) क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण फोनमधील ॲप बंद पडल्यावर त्यातच जपलेला क्रमांक सापडत नाही. ब्रोकरची मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्यास शेअर बाजारांच्या ‘इरा’ या सुविधेतून खुले (अजून पूर्ण न झालेले) सौदे बंद करता येतात, पण नवे करता येत नाहीत.

हीच सावधगिरी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील नियमनाची बातमी वाचतानाही ठेवावी: प्रस्ताव, मंजूर विधेयक आणि लागू झालेला कायदा यांत फरक करावा. कॅलिफोर्नियातील एसबी १०४७ हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेविषयीचे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, तरी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२४ रोजी त्यावर नकाराधिकार वापरला. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला, परंतु त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होतात. शिवाय साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी मोठी ती रक्कम, हा कमाल दंड निषिद्ध वापरांपुरताच आहे. तो आकडा सर्व कंपन्यांना सरसकट लावून घाबरण्यात अर्थ नाही.

भारतात सेबीच्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागार आणि संशोधन विश्लेषक यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली, तरी सल्ल्याची जबाबदारी त्यांचीच राहते आणि वापराची व्याप्ती ग्राहकाला कळवावी लागते. ही माहिती आपल्या सल्लागाराकडून लेखी मागवावी आणि ती काँट्रॅक्ट नोटांसोबत (ब्रोकरकडून मिळणाऱ्या सौद्यांच्या पावत्यांसोबत) जपून ठेवावी.