एकट्याने ट्रेनने प्रागला जाताय? शनिवार-रविवार वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

प्रागच्या योसेफोव भागात, पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) बंद दारासमोर मी एका शनिवारी सकाळी उभी होते. बर्लिनहून आदल्या रात्री पोचले होते आणि रविवारी दुपारी परतायचं होतं. बेत सरळ होता: शनिवारी सकाळी योसेफोव, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती, रविवारी सकाळी किल्ला. पण शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी तिथलं ज्यू संग्रहालय, म्हणजे त्यातली सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी, सगळंच बंद असतं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेले, तर रविवारी सकाळी प्रार्थना असते म्हणून संत व्हीटस कॅथीड्रल पर्यटकांना बारानंतरच उघडतं, हे तिथे कळलं. माझी गाडी साडेबाराची होती.

ज्या दोन गोष्टींसाठी गेले होते, त्या दोन्ही राहिल्या. वेळ कमी नव्हता, पैसे कमी नव्हते, फक्त क्रम उलटा होता. एकट्याने जाताना "अगं, शनिवारी ते बंद असतं ना?" असं म्हणणारं बरोबर कोणी नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चूक पहिली: शनिवार-रविवारचा क्रम

शनिवारी किल्ला, रविवारी योसेफोव. एवढंच लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज आणि तटबंदी येते. प्रागचा किल्ला म्हणजे टेकडीवरची एक वस्तीच आहे: राजवाडे, देवळं, चौक, गल्ल्या. आवारात फिरायला तिकीट लागत नाही, आतल्या इमारतींना लागतं. दारावर सुरक्षा तपासणीची रांग असू शकते, म्हणून नऊच्या आधी पोचा. कॅथीड्रलचं बांधकाम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये पूर्ण झालं. आत रंगीत काचांवरून उतरणारा उजेड सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा दिसतो, त्यामुळे दहा मिनिटांत बाहेर पडू नका. वर चढत जाण्यापेक्षा 22 नंबरच्या ट्रामने किल्ल्याच्या थांब्यावर उतरा आणि बघून झाल्यावर पायऱ्यांनी खाली या. गुडघे वाचतात आणि उतरताना सगळं शहर समोर असतं.

योसेफोव मी दुसऱ्या खेपेला पाहिलं, रविवारी, दार उघडायच्या वेळेलाच. पिंकास सिनेगॉगच्या आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या, बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतल्या ज्यूंची नावं हाताने रंगवलेली आहेत. जवळजवळ 80,000. गावानुसार, घराण्यानुसार, तारखांसकट. लांबून भिंतीला नक्षी केल्यासारखी वाटते, हातभर अंतरावर गेलात की तीच नक्षी वाचता येते. मी एका आडनावापाशी थांबले आणि त्या घरातली माणसं मोजायला लागले, पुढे मोजवेना. वरच्या मजल्यावर टेरेझीनच्या छळछावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत: घरं, फुलपाखरं, झोपायच्या फळ्या. बाहेर दफनभूमीत सुमारे 12,000 थडग्यांचे दगड एकमेकांना टेकून उभे आहेत. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर देत वर वर पुरत गेले, त्यामुळे दगडांची अशी दाटी झाली. इथे घाईत येऊ नका. दोन तास तरी ठेवा, आणि नंतर लगेच काही ठरवू नका.

चूक दुसरी: तिकीट एकाच ठिकाणी बघणं

बर्लिन ते प्राग साधारण सव्वाचार तास, वाटेवरच्या ड्रेस्डेनहून अडीचच्या आसपास. ही गाडी जर्मन आणि चेक रेल्वे मिळून चालवतात, त्यामुळे एकाच गाडीचं तिकीट दोन्हींच्या संकेतस्थळांवर मिळतं आणि भाव वेगळे असतात. आधी काढलं तर चेक बाजूचं बऱ्याचदा स्वस्त पडतं. दोन्हीकडे बघा. जर्मनीत राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, की डॉइचलांड तिकीट (स्थानिक गाड्यांचा मासिक पास) या लांब पल्ल्याच्या गाडीत चालत नाही.

जागेचं आरक्षण बहुतेक वेळा सक्तीचं नसतं, पण शुक्रवारी संध्याकाळी ते केलंच पाहिजे. एकटं असताना सॅक सीटवर ठेवून जागा धरायची सोय नसते. प्रागला जाताना डाव्या हाताची खिडकी घ्या. ड्रेस्डेन सुटलं की एल्बे नदी सोबत येते, पलीकडच्या काठावर वाळूच्या दगडाचे उभे कडे दिसतात. सीमा ओलांडली की तिचंच नाव लाबे होतं.

चूक तिसरी: पासपोर्ट घरी ठेवणं

"शेंगेनच्या आत तर जायचंय" (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) म्हणून पासपोर्ट घरी ठेवणारे मी पाहिले आहेत. 2023 पासून चेक बाजूने जर्मनीत येताना पोलिसांची तपासणी पुन्हा सुरू झाली. परतीच्या गाडीत ते डब्यातून फिरतात. भारतीय पासपोर्ट आणि त्यासोबत व्हिसा किंवा रहिवासी परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ हवेत. फोनमधला फोटो चालत नाही.

चूक चौथी: चुकीच्या स्टेशनवर उतरणं

बर्लिनकडून येणारी गाडी आधी होलेशोवित्सेला थांबते. फलकावर 'प्राहा' (प्रागचं चेक नाव) वाचून माणसं गडबडीने उतरतात. तुम्हाला हवं ते मुख्य स्टेशन, ह्लाव्नी नाद्राझी, त्याच्या पुढचं. उतरलातच, तर घाबरू नका: तिथूनच मेट्रोची लाल 'सी' लाइन मिळते, तिसरा थांबा मुख्य स्टेशनचा.

परतताना वेगळा घोटाळा होतो. मोठे फलक दोन असतात आणि एकटा माणूस हमखास चुकीच्या फलकाखाली उभा राहतो. 'ओ' अक्षराने सुरू होणारं शीर्षक सुटणाऱ्या गाड्यांचं, 'पी'ने सुरू होणारं येणाऱ्यांचं. गाडीसमोर शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तुमचं नव्हे, म्हणून तिकिटावरचा गाडी क्रमांक जुळवा. प्लॅटफॉर्म गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो आणि त्यात दोन आकडे असतात, एक प्लॅटफॉर्मचा, एक रुळाचा.

ती वाट बघायची वेळ असली तर पहिल्या प्लॅटफॉर्मवर जा. तिथे निकोलस विंटन यांचा पुतळा आहे, कडेवर एक मूल, बाजूला एक मुलगी आणि सूटकेस. 1939 मध्ये याच स्टेशनातून गाड्या सोडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 669 मुलांना ब्रिटनला पोचवलं. त्यातली बहुतेक ज्यू होती. पिंकास सिनेगॉग बघून आलेल्या माणसाला त्या पुतळ्यापुढून पटकन निघता येत नाही.

चूक पाचवी: पैसे बदलताना

इथे युरो नाही, कोरुना चालतो. एका युरोला साधारण 24-25. युरो घेणारी दुकानं असतात, पण दर ती ठरवतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. एटीएमवर किंवा कार्ड मशीनवर "तुमच्या चलनात पैसे घेऊ का?" असा पर्याय आला तर नाही म्हणा आणि कोरुना निवडा. "शून्य कमिशन" लिहिलेल्या खिडकीत नोट सरकवण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडणार, ते विचारा. कमिशन नसलं तरी दर वाईट असू शकतो. फसल्यासारखं वाटलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा. 2019 पासूनच्या कायद्याने 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार कारण न देता रद्द करता येतो. रस्त्यात कोणी स्वतःहून नोटा बदलून देऊ लागला तर थांबूच नका. हातात भलत्याच देशाच्या नोटा येतात.

ट्राम, दगडी रस्ते आणि सामान

कागदी तिकीट घेतलंत तर ते पिवळ्या यंत्रात एकदा छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस दंड घेतोच. ट्राममधल्या यंत्रातून कार्डने घेतलेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच छापलेली असते. 24 तासांचं तिकीट छापल्या क्षणापासून मोजतात, त्यामुळे शनिवारी सकाळी दहाला छापलं तर रविवारी सकाळी दहापर्यंत चालतं.

चाकांची बॅग नेऊ नका. जुन्या शहरात सगळीकडे घडवलेल्या दगडांची फरसबंदी आहे, चाकं अडकतात आणि हात भरून येतात. सॅक पुरते. खोली सोडल्यावर ती स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा.

जुन्या चौकातल्या घड्याळापुढे दर तासाला गर्दी जमते आणि सगळ्यांच्या माना वर असतात. खिसे तिथेच कापले जातात, सॅक पोटाशी घ्या. मूळ यंत्र 1410 चं. वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, मूर्ती फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो आणि मिनिटभरात संपतं. मला मात्र ते संपल्यावर, गर्दी पांगली की, तबकडी बघायला आवडतं. ते भिंतीवरचं पंचांगच आहे: रास, चंद्राची कला, सूर्याची जागा. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजत, जुने चेक तो सूर्यास्तापासून मोजत. बाहेरच्या कड्यावरचे सोनेरी आकडे त्याच मोजणीचे आहेत.

चार्ल्स पूल हा जुना दगडी पूल पहाटे बघा. दुपारी तिथे चालायला जागा नसते, सहाला मात्र तीसच्या तीस पुतळे तुमचेच.

खाणं

गोमांस खात नसाल तर स्वीच्कोवा आणि गुलाश मागवू नका, दोन्ही बहुधा गायीच्या मांसाचे असतात. लसणाच्या सूपमध्येही हॅम असू शकतो, विचारून घ्या. शाकाहाऱ्यांना स्माझेनी सीर, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात तळलेलं चीज, जवळपास सगळीकडे मिळतं. सळईवर भाजलेलं, साखर लावलेलं त्रडेल्निक दर कोपऱ्यावर दिसेल. गरम असताना छान लागतं, पण ते प्रागचं पारंपरिक म्हणून खाऊ नका, शहरात ते अलीकडेच आलं.

परतीची गाडी

रविवारची शेवटची गाडी धरू नका. या गाड्या लांबून येतात आणि उशीर होतो. तुमच्या गाडीमागे आणखी एक गाडी असली की रात्र स्टेशनवर काढावी लागत नाही. मुक्कामी पोचायला तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के आणि दोन तासांहून जास्त झाला तर 50 टक्के पैसे मागता येतात, तिकीट जपून ठेवा. उरलेल्या कोरुना डायनिंग कारमध्ये चालतात. आणि आता नदी उजव्या हाताला असते, खिडकी त्या बाजूची घ्या.