‘काम’ या रकान्यात काय भरायचे?

समाजशास्त्रात संशोधन सुरू केले तेव्हा विरचना (डिकन्स्ट्रक्शन), म्हणजे मजकूर ज्या विरोधी जोड्यांवर उभा असतो त्या उलगडून पाहणारे वाचन, या शब्दाची मी धास्ती घेतली होती. हा शब्द रूढ करणारे फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांच्या १९६७ च्या ‘ऑफ ग्रामॅटॉलॉजी’चे गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७६ मध्ये आले, त्याच्या प्रस्तावनेतच माझे दोन महिने गेले. नव्या विद्यार्थ्याने तिथून सुरुवात करू नये. कोल्हापुरात राहून हे शिकायचे असेल, तर राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश समोर ठेवावा.

संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असे त्यात म्हटले आहे. मागासलेले म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. ही व्याख्या दोनतीनदा वाचली की लक्षात येते की, ‘मागासलेले’ या पदाला स्वतःचे वर्णनच नाही, ते ‘पुढारलेले’ या पदाच्या आधाराने उभे आहे. आणि ‘इतर’ या एका शब्दामुळे त्या आधाराचीही हद्द पक्की राहिलेली नाही. त्याच वेळी, एरवी ज्यांच्यावरून नियम ठरत, ते इथे अपवादाच्या यादीत गेले आहेत. विरोधी पदांच्या जोडीतली उतरंड दाखवायची आणि ती त्याच मजकुरात कुठे उलटते तेही पाहायचे, हे विरचनेचे खरे काम. देरिदा तिला पद्धत म्हणायला तयार नव्हते. विद्यापीठीय आराखड्यात मात्र ‘संशोधनपद्धती’ या मथळ्याखाली काहीतरी लिहावेच लागते, तो भाग वेगळा.

माझी चूक पुढे झाली. ‘मागासलेला वर्ग’ म्हणजे निव्वळ भाषेची रचना आहे, असा निष्कर्ष मी ठोकून दिला. मार्गदर्शकांनी समासात एवढेच लिहिले: “मग तिमाही तक्ते कशासाठी मागवले?” नेमणुकांचा तिमाही तपशील खातेप्रमुखांनी पाठवावा, हे त्याच आदेशातले कलम मी सोडून दिले होते. व्याख्या डळमळीत असली तरी तिच्या जोरावर माणसे कचेरीत नोकरीला लागणार होती.

विरचनेचा खरा उपयोग कळला तो करवीर तालुक्यातल्या एका गावात. माझ्या प्रश्नावलीत “काम करता का?” असा प्रश्न होता. पहाटे धार काढून, डेअरीत दूध घालून, रिकामी किटली हातात घेऊन परतलेल्या काकू म्हणाल्या, “काम कुठलं, घरातच असतोय की!” मी ‘नाही’वर खूण केली आणि मान वर केली, तर त्या वैरणीचा भारा सोडत होत्या. काम आणि घर ही जोडी त्यांच्या बोलण्यात होती तशीच माझ्या छापील कागदावरही होती. पगार मिळतो ते काम, उरलेले घर.

दुसऱ्या फेरीत मी तो प्रश्न काढून “काल उजाडल्यापासून काय काय केलंत?” असे विचारले, तेव्हा पानाच्या पाठीमागेही लिहावे लागले. तक्त्याला अखेर रकाने लागलेच. ‘काम नाही’च्या जागी मी ‘मोबदला न मिळालेले काम’ असे लिहिले, आणि या नावातही मोजपट्टी मोबदल्याचीच राहिली आहे, हे तळटीपेत नोंदवले.