पायाला मुंग्या, सतत थकवा? बी१२ ची गोळी घ्यायच्या आधी हे करा

माझी आई पक्की शाकाहारी, डायबिटिससाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या यायच्या, दुपारी अंगात त्राणच नसायचं, आम्ही वय झालं म्हणून वर्षभर सोडून दिलं आणि टेस्ट केली तर बी१२ फक्त १३०. म्हणून सांगतेय, आधी रक्त द्या मग गोळी, कारण गोळ्या चालू असताना टेस्ट केली की आकडा वर दिसतो आणि मुळात किती कमी होतं ते कळतच नाही.

सीरम बी१२ (रक्तातलं बी१२) सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची टेस्ट), थायरॉइड आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पण करून घ्या, थकवा यातल्या बिघाडानेही येतो. बी१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या (एक मिलिलिटरमध्ये) खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे काठावर, तेव्हा लक्षणं असतील तर डॉक्टरांशी बोलाच. शाकाहारी लोक, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे आणि साठीपुढचे, यांनी तर नक्की करा. दिवसाला लागतं जेमतेम २.२ मायक्रोग्रॅम पण ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यातूनच, भाजीत नसतं, आणि स्पिरुलिनातलं आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही.

आता गोळी. पोटातून नीट शोषलं जात नसेल तरी मोठ्या डोसमधलं साधारण १ टक्का रक्तात जातंच, म्हणून गोळ्या १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅमच्या असतात, आकडा बघून घाबरू नका. खूपच कमी असेल किंवा नसांचा त्रास असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात.

स्ट्रिपची मागची बाजू वाचाच, बी१२ सोबत आणखी काय काय आहे ते बघा! नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं पण बी१२ कमीच राहिलं तर आतल्या आत नसा खराब होत राहतात, हे फार वाईट. बी६ मोठ्या डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर उलट त्यानेच हातपाय बधिर होतात, म्हणून दोन-तीन गोळ्यांत मिळून किती जातंय ते मोजा. बायोटिन (बी७) असेल तर थायरॉइड टेस्टच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, रिपोर्ट चुकतो. लघवी पिवळीधमक होते ती बी२ मुळे, काळजी नको.

चालताना तोल जातोय, अंधारात पाय कुठे पडतोय कळत नाही असं झालं तर मात्र गोळ्यांची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

तीन महिन्यांनी परत टेस्ट करा, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आईचा थकवा महिन्याभरात गेला, मुंग्या कमी व्हायला सहा महिने लागले, डाव्या अंगठ्यातला बधिरपणा अजून आहे.